हाडांचं पेन : वर्षाला बारा नव्हे, तेरा

घरात कुणाचा मणका दबला, हाडं फारच ठिसूळ निघाली, की ऑर्थोपेडिक डॉक्टरांच्या चिठ्ठीवर कधीकधी ‘टेरिपॅराटाइड’ दिसतं. हे पेप्टाइड, ३४ अमिनो आम्लांची साखळी. रोज २० मायक्रोग्रॅम, मांडीत किंवा पोटावर, इंजेक्शनच्या पेननं घरीच टोचायचं. नवं हाड तयार करायला लावणारी औषधं मोजकीच. त्यांतलं हे एक.

आधी हिशेब. दुकानदार म्हणतो, ‘महिन्याला एक पेन.’ पेन चालतं २८ दिवस, म्हणजे वर्षाला १३. समजा पेन ६,००० रुपयांचं, तर वर्षाचे ७८,००० झाले, ७२,००० नव्हे. कोर्स साधारण २ वर्षांपर्यंत. कंपनीगणिक किंमत बरीच बदलते. ‘याच औषधाचा स्वस्त ब्रँड चालेल का?’ हे डॉक्टरांना विचाराच, त्यात लाजण्यासारखं काही नाही. कार्ट्रिज बदलायचं पेन असेल तर त्यात डोस किती, ते पाकिटावर वाचा. छापील किमतीत जीएसटी आलेला असतो, वर वेगळा लावू देऊ नका.

आता न सांगितलेला खर्च. सुया बहुधा वेगळ्या घ्याव्या लागतात आणि रोज नवी लागते. सुरुवातीला हाडांची घनता मोजणारा डेक्सा स्कॅन, कॅल्शियम, डी जीवनसत्त्व, क्रिएटिनिनच्या तपासण्या. औषध घरी घेतलं जात असल्यानं बहुतेक मेडिक्लेम पैसे देत नाही. ओपीडीचं कव्हर असेल तर पॉलिसी काढून बघा. आणि कोर्स संपल्यावर मिळवलेलं हाड टिकवायला दुसरं औषध लागतं, नाहीतर दोन वर्षांची कमाई ओसरते. त्याचेही पैसे आत्ताच धरा.

पेन ठेवायचं फ्रीजमध्ये, २ ते ८ अंश सेल्सिअसला. बर्फाच्या कप्प्याला टेकवू नका. गोठलेलं पेन गेलंच. विकत घेताना थंड पिशवीतूनच घ्या, बिलावर बॅच नंबर बघा. पेन उघडलं ती तारीख पाकिटावर मार्करनं लिहा, २८ दिवसांनी उरलं तरी टाका. पहिले काही डोस बसून घ्या, चक्कर येते काहींना. पूर्वी हाडांचा कॅन्सर किंवा रेडिएशन झालं असेल तर सुरू करण्याआधी सांगा.

जिममध्ये किंवा ऑनलाइन ‘लिगामेंट पटकन भरतं’ म्हणून मिळणारी बीपीसी-१५७ या पेप्टाइडची बाटली ही वेगळीच गोष्ट. लेबलवर बहुधा ‘फक्त संशोधनासाठी’ असतं. अमेरिकेच्या एफडीएची तिला मंजुरी नाही, आणि २०२२ पासून ती ‘वाडा’ या जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या बंदी यादीत आहे. मुलगा स्पर्धेत खेळत असेल तर पैसे जातीलच, सोबत निलंबनही येऊ शकतं.