संकेतस्थळांची कसोटी दिव्यांगांच्या हाती

परभणी जिल्ह्यातील मानवत हे तालुक्याचे गाव कापसाची बाजारपेठ म्हणून मराठवाड्यात सुपरिचित आहे. एके काळी येथील शेतकऱ्याचा शासनाशी संबंध येई तो तलाठी, तहसील कचेरी आणि बाजार समिती यांच्यामार्फत. आज यांपैकी अनेक कामे मोबाइलच्या पडद्यावर आली आहेत. शेतातील पिकाची नोंद २०२१ पासून शेतकऱ्याने स्वतः ‘ई-पीक पाहणी’ अ‍ॅपवर करावयाची असते. भारतीय कापूस महामंडळाला हमीभावाने कापूस विकण्यासाठी २०२५-२६ च्या हंगामापासून ‘कपास किसान’ अ‍ॅपवर नोंदणी आली. दिव्यांगत्वाच्या ओळखपत्राचा अर्जदेखील संकेतस्थळावर भरावयाचा असतो.

या व्यवस्थेमुळे खेपा वाचल्या, हे खरेच. परंतु ज्याला पडदा दिसत नाही त्याचे काय? मानवत तालुक्यातील एखादा दृष्टिहीन शेतकरी आपण डोळ्यांसमोर आणू. अर्जाचे पान त्याच्याशी बोलले नाही, तर त्याला दुसऱ्याच्या हाती मोबाइल द्यावा लागतो. आधार क्रमांक, बँकेचे खाते, मोबाइलवर आलेला गुप्त संकेतांक, सारे परक्याला सांगावे लागते. मदत करणारा प्रामाणिक असला तरी अर्जात काय भरले गेले, याची खात्री अर्जदाराला स्वतः करून घेता येत नाही. २०११ च्या जनगणनेनुसार देशात सुमारे २ कोटी ६८ लाख आणि महाराष्ट्रात २९ लाखांहून अधिक दिव्यांग व्यक्ती आहेत. प्रश्न मूठभरांचा नाही, हे यावरून ध्यानात यावे.

कायद्याची भूमिका

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ अन्वये माहिती व संपर्काची साधने दिव्यांगांना वापरता येतील अशी करणे ही शासनाची जबाबदारी आहे. शासकीय संकेतस्थळांसाठी केंद्र सरकारने २००९ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली आणि २०२३ मध्ये त्यांची तिसरी आवृत्ती काढली. राजीव रतुरी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ रोजी निर्णय दिला की, सुगम्यतेची किमान मानके केवळ शिफारशीच्या स्वरूपाची असू शकत नाहीत. ती बंधनकारक असली पाहिजेत.

त्यानंतर ३० एप्रिल २०२५ रोजी प्रज्ञा प्रसून प्रकरणाचा निकाल लागला. आम्लहल्ल्यात चेहरा व डोळे जायबंदी झालेल्या व्यक्तींना ओळख पटविण्यासाठी कॅमेऱ्यापुढे पापण्या मिटून दाखविणे शक्य नव्हते. डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणे हा संविधानाच्या अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्काचाच भाग आहे, असे न्यायालयाने सांगितले. नवे संकेतस्थळ वा अ‍ॅप तयार करताना त्याच्या चाचणीत दृष्टिहीन व्यक्तींना सहभागी करून घ्यावे, असा निर्देशही याच निकालात आहे.

स्क्रीन रीडर म्हणजे काय?

पडद्यावरील मजकूर वाचून दाखविणाऱ्या प्रणालीला स्क्रीन रीडर म्हणतात. मायकेल करन आणि जेम्स टेह या ऑस्ट्रेलियातील दोन दृष्टिहीन तरुणांनी २००६ पासून विकसित केलेली ‘एनव्हीडीए’ ही संगणकावरील प्रणाली विनामूल्य आहे. ‘टॉकबॅक’ ही अँड्रॉइड मोबाइलसाठीची, तर ‘व्हॉइसओव्हर’ ही आयफोनमधील प्रणाली होय.

स्क्रीन रीडर पान पाहत नाही; पानामागील सांकेतिक रचना वाचतो. चित्राला शब्दांत वर्णन जोडलेले नसेल, तर ते चित्र त्याच्या दृष्टीने मुके असते. अर्जातील चौकटीला नाव जोडलेले नसेल, तर तो केवळ ‘चौकट’ एवढेच सांगतो. तेथे नाव लिहावयाचे की गावाचा पत्ता, हे कळत नाही. वेड्यावाकड्या अक्षरांचे चित्र ओळखावयास सांगितले आणि ऐकण्याचा पर्याय दिला नाही, तर अर्ज तेथेच थांबतो.

मराठी मजकुराची काही पथ्ये आहेत. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधील मजकूर डोळ्यांना मराठी दिसतो, पण स्क्रीन रीडर त्याचा अर्थहीन उच्चार करतो. कागदाची प्रतिमा काढून टाकलेले परिपत्रक तर नुसते चित्रच ठरते. पानाची भाषा मराठी असल्याची सांकेतिक नोंद नसेल, तर यंत्र इंग्रजी आवाजात मराठी वाचू पाहते आणि त्यातून अर्थबोध होत नाही.

तपासणीच्या दोन पायऱ्या

पहिली तपासणी कोणताही कर्मचारी करू शकेल. माउस बाजूला ठेवावा आणि केवळ कळफलकाच्या ‘टॅब’ कळीने पानावरील प्रत्येक दुवा व चौकट गाठता येते काय, हे पाहावे. मग एनव्हीडीए सुरू करून संगणकाचा पडदा बंद करावा. ‘एच’ ही कळ दाबली असता एका शीर्षकावरून पुढील शीर्षकावर जाता आले पाहिजे. मोबाइलवर टॉकबॅक सुरू करून बोट उजवीकडे सरकवीत जावे व दोनदा टिचकी मारून बटण दाबावे. शेवटी अर्ज मुद्दाम चुकीचा भरावा. कोठे चुकले, हे आवाजातून कळाले पाहिजे. चौकट नुसती लाल होऊन भागत नाही.

एवढ्यावर समाधान मानू नये. डोळस माणूस पडदा बंद करून बसला, तरी पानाची मांडणी त्याच्या स्मरणात असते. म्हणून दुसरी पायरी अधिक महत्त्वाची. ती म्हणजे दिव्यांग व्यक्तींच्या हातून होणारी चाचणी. पूर्ण दृष्टिहीन, अल्पदृष्टी, हातांची हालचाल मर्यादित असलेली, कर्णबधिर अशा निरनिराळ्या व्यक्ती निवडाव्यात. स्क्रीन रीडरचा सराव असलेले व नवखे, दोन्ही असावेत. म्हणजे अडचण पानाची की सरावाची, हे उमगते.

त्यांना ‘येथे दाबा, तेथे दाबा’ असे सांगू नये. ‘उत्पन्नाच्या दाखल्याचा अर्ज भरा’ एवढेच काम द्यावे आणि शांत बसावे. चाचणी घेणाऱ्याचा हात माउसकडे जाऊ लागला की समजावे, दोष तेथेच आहे. व्यक्ती कोठे थांबली, काय ऐकून गोंधळली आणि काम पूर्ण झाले काय, याची नोंद ठेवावी. चाचणीसाठी खरा आधार क्रमांक वापरू नये. तिची संमती घ्यावी व वेळेचा मोबदला द्यावा; हे तज्ज्ञाचे काम आहे. दोष दूर केल्यावर त्याच व्यक्तींकडून पुन्हा तपासणी करून घ्यावी.

तालुक्यात हे शक्य आहे

या कामासाठी मोठी प्रयोगशाळा लागत नाही. एक संगणक, साधा अँड्रॉइड मोबाइल आणि विनामूल्य प्रणाली एवढी सामग्री मानवतसारख्या गावातही जुळविता येते. महाराष्ट्रात डिसेंबर २०२२ मध्ये स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग अस्तित्वात आला. त्याच्या जोडीला नगर परिषद, महाविद्यालये आणि सेवा केंद्रे यांनी आपापल्या परिसरातील दिव्यांग बांधवांना वर्षातून दोनदा अशा चाचणीसाठी पाचारण केले, तर कितीतरी दोष तक्रार होण्यापूर्वीच उघडकीस येतील.

नव्या इमारतीचा उतार योग्य आहे काय, हे चाकाच्या खुर्चीवरून येणारा माणूसच निश्चित सांगू शकतो. संकेतस्थळाचेही तसेच आहे. दृष्टिहीन शेतकऱ्याने कोणाच्याही मदतीवाचून अर्ज भरला, तो स्वतः ऐकून तपासला आणि स्वतःच्या बोटाने पाठविला, तर ते संकेतस्थळ त्याच्यासाठी खुले आहे, असे म्हणता येईल.