पानावर पिकलेले सोने

भांबराजा हे यवतमाळ तालुक्यातले कापूसवाले गाव. ३१ ऑक्टोबर २००८ रोजी 'टाइम्स ऑफ इंडिया'च्या नागपूर आवृत्तीत त्याच्यावर आणि अंतरगाववर पानभर मजकूर आला. बीटी कापूस आला, गावे सुखी झाली, इथे शेतकरी आत्महत्या होत नाहीत, असा त्याचा सूर. २००६ मध्येच पंतप्रधान मनमोहनसिंग शेतकरी आत्महत्यांमुळे विदर्भात येऊन पॅकेज जाहीर करून गेले होते. त्या विदर्भात, त्यातही यवतमाळात, अशी दोन गावे निघावीत हा चमत्कारच म्हणायचा. पत्रकारांना तिथवर नेण्याची व्यवस्था महिको-मोन्सॅन्टो बायोटेकने केली होती, म्हणजे हेच तंत्रज्ञान विकणाऱ्या कंपनीने. देवदर्शनाला पुजारीच घेऊन गेला, आणि देव पावतो हेही त्यानेच सांगितले.

२८ ऑगस्ट २०११ रोजी तेच पान पुन्हा छापून आले. या खेपेला ती जाहिरात होती आणि 'कन्झ्युमर कनेक्ट इनिशिएटिव्ह' अशी बारीक अक्षरांतली ओळ तिला जोडली होती. जैवतंत्रज्ञान नियामक विधेयक संसदेत मांडायचे त्याच महिन्यात राहून गेले होते, हा योगायोग ज्याने त्याने आपापल्या मगदुराप्रमाणे समजून घ्यावा. मधल्या तीन वर्षांत गावात पाऊस, भाव, कर्ज सगळेच हलले, पानावरचे पीक मात्र एका बोंडानेही कमी झाले नाही.

मार्च २०१२ मध्ये बासुदेव आचार्य यांच्या अध्यक्षतेखालची संसदेची कृषीविषयक स्थायी समिती भांबराजा या आदर्श गावात पोहोचली. गावकऱ्यांनी खासदारांना सांगितले, आमच्या गावात १४ आत्महत्या झाल्या. पुष्कळ जमीन पडीक आहे, काही जण सोयाबीनकडे वळले, कारण त्यात तोटा जरा कमी. पत्रकार पी. साईनाथ यांनी मे महिन्यात 'द हिंदू'त हे सगळे मांडले. त्याच मोहिमेतल्या दुसऱ्या एका जाहिरातीत बोलगार्डमुळे, म्हणजे कंपनीच्या बीटी तंत्रज्ञानामुळे, शेतकऱ्यांचे उत्पन्न ३१,५०० कोटींनी वाढल्याचा दावा होता. जाहिरात मानक परिषदेकडे तक्रार गेली आणि दावा सिद्ध होत नाही असा निष्कर्ष निघाला. जाहिरात दुरुस्त झाली. ज्यांनी ती वाचून बियाणे घेतले, त्यांचा हंगाम दुरुस्त करायची सोय कोणत्याच परिषदेकडे नसते.

शेतकरी भोळा म्हणून फसला, असे शहरात बसून म्हणणे सोपे आहे. बीटीने सुरुवातीला बोंडअळीच्या फवारण्या कमी केल्या, हे खरेच. लबाडी न सांगितलेल्या गोष्टींत होती. मावा, तुडतुडे, पांढरी माशी यांना बीटीचे जनुक अडवत नाही. जिल्ह्यातला बहुतेक कापूस कोरडवाहू, आणि पाणी वेळेवर मिळाले नाही तर महागडा संकरित वाणही मान टाकतो. पाकिटात ४५० ग्रॅम बीटीसोबत १२० ग्रॅम साध्या बियाण्याची पुडी यायची. अळीने प्रतिकारशक्ती कमावू नये म्हणून ते बियाणे शेताच्या कडेने लावायचे असते. पाकिटावर ही सूचना असायची, पण कंपन्यांच्या मेळाव्यांतल्या भाषणांचा जोर उत्पन्नाच्या आकड्यांवर. बऱ्याच पुड्या धुऱ्यावरच राहिल्या. भावाचेही तसेच. सुरुवातीला पाकीट १६०० रुपयांच्या घरात होते. २००६ मध्ये आंध्र सरकार मक्तेदारीविरोधी आयोगाकडे गेले आणि तेच पाकीट ७५० ला मिळू लागले. कंपनीचे दिवाळे काही निघाले नाही.

थकलेली सगळी बिले २०१७ मध्ये एकदम आली. प्रतिकारशक्ती कमावलेल्या गुलाबी बोंडअळीने बोंडे पोखरली, आणि त्याच हंगामात फवारणीच्या विषबाधेने जिल्ह्यात शेकडो शेतकरी-मजूर आजारी पडले, २० हून अधिक दगावले. त्यावर कीटकनाशकवाल्यांकडून उत्तर आले की मजुरांनी मास्क आणि हातमोजे वापरले नाहीत. दमट उकाड्यात, डोक्याला लागणाऱ्या पऱ्हाटीत, पाठीवर पंप घेऊन ज्याने एक तास काढला असेल त्याने हे वाक्य पुन्हा वाचावे. नोव्हेंबरात राज्य सरकारने पाच कीटकनाशकांच्या विक्रीवर ६० दिवसांची बंदी घातली. तोवर हंगामातली फवारणी उरकत आली होती.

भांबराजाने जे सोसले त्यातून कृषी केंद्राच्या काउंटरवर उपयोगी पडेल असे बरेच निघते. यशोगाथा वाचताना शेतकऱ्याचा फोटो मागाहून पाहावा. आधी कोपऱ्यातली बारीक ओळ पाहावी, मग ते शेत ओलिताचे होते की कोरडवाहू हे विचारावे. शेजारच्या प्लॉटवर नेऊन झाड दाखवणाऱ्या कंपनीच्या प्रतिनिधीला एकरी खर्च विचारला की गाडी निघायची वेळ होते. युरिया हवा तर सोबत हे टॉनिक घ्या, या लिंकिंगला नकार द्यावा आणि तालुका कृषी अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार द्यावी. तणनाशक सोसणारे म्हणून विकले जाणारे चोर बीटी बिलाशिवायच मिळते. उगवले नाही तर भांडायला समोर कोणीच नसते.

बिलावर वाण आणि लॉट नंबर लिहून घ्यावा. रिकामे पाकीट कापूस घरी येईपर्यंत सांभाळावे. २०१७ मध्ये बोंडअळीच्या नुकसानभरपाईसाठी 'जी' नमुन्याचा अर्ज भरताना लोकांनी घरभर हीच दोन कागदपत्रे शोधली. बियाण्याचा नमुना उरला नाही म्हणून तक्रार बुडत नाही. राष्ट्रीय बियाणे महामंडळ विरुद्ध मधुसूदन रेड्डी या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१२ मध्ये शेतकऱ्याला ग्राहक मानले आणि सगळे बियाणे पेरून टाकणाऱ्याकडून नमुना जपून ठेवण्याची अपेक्षा करता येत नाही, असेही म्हटले. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला फी नाही, मुदत दोन वर्षांची. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी २०१९ च्या कायद्यात दहा लाखांपर्यंत दंड आहे, आणि तो जाहिरातीत झळकणाऱ्या नटालाही होऊ शकतो.