मस्तगडाच्या सावलीत कुटुंबाची धाव

जालना शहरातील मस्तगड हा किल्ला १७२५ साली काबील खानाने बांधला, अशी नोंद आढळते. पुढे याच किल्ल्याच्या आवारात नगरपालिकेचे कार्यालय नांदले. शत्रूला थोपविण्यासाठी उभारलेल्या तटाआड घरपट्टी आणि नळपट्टी भरण्यासाठी नागरिकांच्या रांगा लागल्या. वास्तूचे असे भाग्य पालटत असते. कुंडलिका नदीच्या दोन तीरांवर वसलेल्या जुन्या व नव्या जालन्याला जोडणारे रस्ते आज वाहनांनी गजबजलेले असले, तरी सुटीच्या दिवशी पहाटे ते काही काळ मोकळे असतात. शनिवारी सायकल आणि रविवारी धाव अशी कुटुंबांची जोडसुटी या मोकळ्या वेळात कशी भरविता येईल, याचा विचार येथे करावयाचा आहे. जालना शहराचे उदाहरण सोयीसाठी घेतले आहे. अंबड, भोकरदन किंवा परतूर तालुक्यातील एखाद्या मोठ्या गावालाही हे विवेचन लागू पडेल.

हौशी धावण्याची महाराष्ट्रातील परंपरा नवी नाही. पुण्याची आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन १९८३ मध्ये सुरू झाली, मुंबईची २००४ मध्ये. मुंबई–पुणे सायकल शर्यत तर त्याहून कितीतरी जुनी. मराठवाड्यापुरते बोलावयाचे, तर बीड जिल्ह्यातील आष्टी तालुक्याच्या मांडवा गावचा अविनाश साबळे लहानपणी सुमारे ६ किलोमीटर अंतरावरील शाळेत चालत वा धावत जात असे. २०२२ च्या राष्ट्रकुल क्रीडा स्पर्धेत त्याने ३,००० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत रौप्यपदक मिळविले. परंतु कौटुंबिक उपक्रमाचा हेतू असे वीर घडविण्याचा नाही. जे एरवी कधीच धावत नाहीत त्यांना रस्त्यावर आणणे, एवढाच तो मर्यादित आणि म्हणूनच कठीण हेतू आहे.

यात सर्वांत अवघड प्रश्न घरातील स्त्रीचा. २०१३ साली बारामतीच्या मॅरेथॉनमध्ये साठी ओलांडलेल्या लता भगवान करे नऊवारी लुगडे नेसून, अनवाणी धावल्या आणि ज्येष्ठांच्या गटात पहिल्या आल्या. पतीच्या वैद्यकीय तपासणीसाठी पैसे हवे होते, म्हणून त्या धावल्या. पुढे त्यांच्यावर चित्रपट निघाला व त्यातील त्यांच्या भूमिकेची ६७ व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत दखल घेतली गेली. ही हकिगत आपण कौतुकाने सांगतो. परंतु ज्येष्ठ स्त्रीला रस्त्यावर धावण्यासाठी एवढे मोठे संकट कोसळावे लागावे, हे फारसे भूषणावह नाही. अमेरिकेतील बोस्टन मॅरेथॉननेही स्त्रियांना अधिकृत प्रवेश दिला तो १९७२ मध्ये, आणि ऑलिंपिकमध्ये स्त्रियांची मॅरेथॉन आली ती १९८४ मध्ये. तेव्हा संकोच केवळ आपल्याकडेच होता असे नाही.

सायकलीच्या बाबतीत मात्र आपल्याकडे एक अनुकूल गोष्ट घडून आली आहे. मानव विकास कार्यक्रमांतर्गत मागास तालुक्यांतील इयत्ता आठवी ते बारावीच्या, शाळेपासून ५ किलोमीटरच्या आत राहणाऱ्या गरजू मुलींना सायकलीसाठी साहाय्य दिले जाते. जालना जिल्हाही या कार्यक्रमात आहे. बिहारमध्ये २००६ पासून राबविलेल्या अशाच योजनेचा अर्थशास्त्रज्ञांनी अभ्यास केला, तेव्हा माध्यमिक शाळेतील मुलींची नावनोंदणी सुमारे ३२ टक्क्यांनी वाढल्याचे दिसून आले. सायकल दारात आहे. मुलगी ती चालविते. आई मात्र बहुधा त्या सायकलीवर कधी बसलेली नसते. शनिवारच्या फेरीत ‘मायलेकी’ असा एक गट ठेवून, आदल्या महिनाभर शाळेच्या पटांगणावर मुलींनीच आयांना सायकल शिकवावी. शिक्षकांनी मनावर घेतले तर याला खर्च जवळजवळ शून्य आहे. साडीचा पदर व निऱ्या साखळीत अडकू नयेत म्हणून साखळीवर झाकण असलेल्या सायकलीच या गटाला द्याव्यात.

आता एक अप्रिय आठवण. काही वर्षांपूर्वी एका तालुक्याच्या गावी भरलेल्या मुलांच्या धावेला प्रस्तुत लेखक वृत्तांकनासाठी उपस्थित होता. मार्चचा शेवटचा आठवडा. वेळ सकाळी सातची, प्रमुख पाहुणे आले पावणेनऊला. तोवर चौथी-पाचवीची मुले उपाशीपोटी रांगेत उभी होती. झेंडी दाखविल्यानंतर पहिल्या किलोमीटरमध्येच दोन मुली भोवळ येऊन पडल्या. त्यांना सावलीत न्यायचे की वाहनात घालायचे, यावर चार मोठी माणसे वाद घालीत होती. मुली सुदैवाने सावरल्या. आमच्या छायाचित्रात पाहुणे आणि झेंडी तेवढी आली. त्या दोघींविषयी बातमीत मी एक ओळही लिहिली नाही. हा लेख लिहिण्यामागे त्या न लिहिलेल्या ओळीचा वाटा आहे.

त्या सकाळी जे चुकले ते टाळणे अवघड नव्हते. मराठवाड्यात मार्चपासून ऊन तापू लागते आणि एप्रिल-मे मध्ये पारा चाळिशी ओलांडतो. तेव्हा उपक्रम मार्गशीर्ष किंवा पौषातच घ्यावा. त्या दिवसांत सूर्योदय सातच्या आसपास होतो, म्हणून सायकली पुरेसे उजाडल्याशिवाय सोडू नयेत. नऊ-साडेनऊपर्यंत सर्व आटोपावे. झेंडी ठरलेल्या मिनिटाला दाखवावी व ती उपस्थितांपैकी सर्वांत वृद्ध स्पर्धकाच्या हाती द्यावी. पाहुण्यांचा सत्कार नंतर होऊ शकतो.

कुणी कोसळला, तर काय करावे? उन्हाने अंग तापून माणूस बरळू लागला, तर तो उष्माघात समजावा. आधी अंग थंड करावे, मग हलवावे. सावलीत निजवून अंगावर भरपूर पाणी ओतावे, वारा घालावा, मान व काखेत बर्फ ठेवावा. शुद्ध हरपत असताना तोंडात पाणी ओतू नये. याहून गंभीर प्रसंग हृदयक्रिया थांबण्याचा. २००० ते २०१० या काळात अमेरिकेतील मॅरेथॉन व अर्धमॅरेथॉनमध्ये धावलेल्या सुमारे १ कोटी ९ लाख लोकांपैकी ५९ जणांच्या बाबतीत असे घडले आणि त्यांतील ४२ दगावले. प्रमाण अत्यल्प आहे, तेव्हा घाबरून धावणे सोडावे असे मुळीच नाही. मात्र जे वाचले, त्यांना मुख्यतः जवळच्या माणसाने लगेच छाती दाबण्यास प्रारंभ केल्यामुळे जीवदान मिळाले. छातीच्या मध्यभागी, मिनिटाला १०० ते १२० वेळा, सुमारे ५ सेंटिमीटर खोल दाब द्यावयाचा आणि १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका येईपर्यंत थांबावयाचे नाही. प्रत्येक किलोमीटरवर हे शिकलेले दोन स्वयंसेवक असावेत. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना हे शिकविण्यास एक दुपार पुरे.

पाण्याची सोय दर दीड-दोन किलोमीटरवर करावी. १ लिटर स्वच्छ पाण्यात ६ सपाट चमचे साखर व अर्धा चमचा मीठ घातले की जलसंजीवनी तयार होते. त्यासाठी बाजारातील रंगीत पेयांची गरज नाही. जालना हा तर मोसंबीचा जिल्हा. शेवटच्या रेषेपाशी मोसंबीच्या फोडी ठेवल्या, तर बागायतदारही आपलेपणाने उभे राहतील.

मार्ग ठरविताना अंतरापेक्षा चौक मोजावेत. चौक जितके कमी, तितके पोलीस कमी लागतात. धाव ३ किलोमीटरची, सायकल १० किलोमीटरची, एवढे कुटुंबांना पुरे. जालन्यात मोती तलावाच्या बाजूचा मोकळा परिसर पाहण्याजोगा आहे. मालमोटारींची वर्दळ असलेले औद्योगिक वसाहतीकडील रस्ते मात्र टाळावेत. पोलीस अधीक्षकांकडे अर्ज महिनाभर आधी द्यावा, सोबत मार्गाचा हाती काढलेला नकाशा जोडावा. सायकलस्वार मुलांना शिरस्त्राण सक्तीचे असावे. सर्वांना ते पुरविणे शक्य नसल्यास गट पाडून तीच शिरस्त्राणे आळीपाळीने वापरता येतात.

बक्षिसांविषयी एवढेच, की रोख रकमा ठेवू नयेत. रकमेसाठी बाहेरगावचे सराईत धावपटू येतात आणि गावातील माणसे कडेला उभी राहून टाळ्या वाजवितात. शिवाय बहुतेक ठिकाणी पहिले तिघे पोहोचताच ध्वनिक्षेपक व्यासपीठाकडे वळतो, पाणपोईची पिंपे उचलली जातात आणि दोरी सोडली जाते. मागून नातवाचा हात धरून येणाऱ्या आजीला मग रस्त्यावर नुसत्या रिकाम्या पेल्यांचा खच दिसतो. दोरी ती येईपर्यंत बांधलेली असावी, आणि पाण्याचे एक पिंप भरलेले.