वर्गणी कोणी भरायची?



‘अंशदान’ हा कायद्यातला शब्द. आपल्या बोलण्यात वर्गणी. कामगार थोडे भरतो, मालक थोडे भरतो आणि आजारपणात, अपघातात, म्हातारपणी त्यातून आधार मिळतो. १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा आणि १९५२ चा भविष्य निर्वाह निधीचा कायदा याच पायावर आले. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत ते एकत्र केले, पाया तोच राहिला. या पायाला एक मालक लागतो, हजेरीपट लागतो, महिन्याचा पगार लागतो.

जुन्नर-आंबेगावच्या पश्चिम डोंगरातल्या महादेव कोळी, ठाकर आणि कातकरी मजुरांकडे यातले काय आहे? भातकापणी उरकली की माणसे खाली नारायणगावला येतात आणि सकाळी मजूर अड्ड्यावर उभी राहतात. आज एकाच्या द्राक्षबागेत, उद्या दुसऱ्याच्या भाजीत. उन्हाळ्यात हिरडा, पावसाळ्यात घरचे भात. मालक म्हणून मी कोणाचे नाव लिहू?

२०१९ मध्ये केंद्राने श्रमयोगी मानधन योजना आणली. १८ ते ४० वयाच्या असंघटित कामगाराने वयाप्रमाणे दरमहा ५५ ते २०० रुपये भरायचे, तेवढेच सरकार भरणार, आणि साठीनंतर महिना ३,००० रुपये पेन्शन. इथे मालक लागत नाही हे बरे, पण मालकाचा वाटाही नाही. ज्याच्या बागेत पाठ वाकली तो मोकळाच. शिवाय अठराव्या वर्षी नाव घातलेल्याने बेचाळीस वर्षे हप्ता भरायचा, आषाढ-श्रावणात घरात रोकड नसतानाही.

यावर तोड महाराष्ट्रानेच १९६९ मध्ये काढली होती. माथाडी हमालालाही रोज नवा व्यापारी. अण्णासाहेब पाटलांच्या चळवळीतून कायदा झाला. व्यापाऱ्याने मजुरी आणि तिच्यावर ठराविक टक्के लेव्ही मंडळाकडे भरायची; मंडळ मजुरी देते आणि लेव्हीतून भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, रजा, औषधोपचार सांभाळते. शंभर मालकांच्या जागी एक मंडळ उभे राहिले! पुढे १९९६ च्या कायद्याने बांधकामाच्या खर्चावर एक टक्का उपकर आला, तोही कामगाराच्या खिशातून नव्हे.

शेतमजुरासाठी असे मंडळ नाही. बाजार समितीत विक्रीवर बाजार फी घेतातच; तशीच थोडी वर्गणी मजुरांसाठी घ्यावी, असे मला वाटते. आपल्यातले शेतकरी म्हणतील, टोमॅटो रस्त्यावर ओतायची वेळ येते तेव्हा काय? रास्त आहे. म्हणून ती खरेदीदारावर असावी आणि टक्क्यात असावी, म्हणजे भाव पडला की तीही उतरेल. खरेदीदार ती शेतकऱ्याच्या पट्टीतून कापणार नाही, ही राखण समितीने करायची.

हे होईल तेव्हा होईल. बांधकाम मजुराला मात्र आजही मंडळात नोंदणी मिळते. त्यासाठी मागच्या वर्षभरात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो. आपल्यापैकी कोणाचे घर, शाळा किंवा प्रार्थनागृह बांधले जात असेल, तर कंत्राटदाराला विचारा: डोंगरावरून आलेल्या मजुरांना तो दाखला लिहून देणार का?