पाठ १२ : पोटातली वस्ती

"आजी, मला भाकरी नको. पांढरा ब्रेड दे ना," ईशान म्हणाला.

"तुला नको असेल, पण तुझ्या पोटातल्या मंडळींना हवी आहे ना!" ताई हसून म्हणाली. ती कॉलेजात जीवशास्त्र शिकते.

ही मंडळी म्हणजे जिवाणू. ते इतके लहान असतात की नुसत्या डोळ्यांनी दिसत नाहीत. एका माणसाच्या शरीरात अंदाजे ३८ लाख कोटी जिवाणू असतात. सगळ्यांचं मिळून वजन मात्र साधारण २०० ग्रॅमच भरतं! त्यांतले बहुतेक मोठ्या आतड्यात राहतात.

ते खातात काय? पांढरा ब्रेड आणि साखर बहुतेक लहान आतड्यातच पचते. जिवाणूंपर्यंत फारसं काही पोचत नाही. ज्वारी, डाळी, कडधान्यं, भाज्या आणि फळं यांत मात्र चोथा असतो. तो आपल्याला पचत नाही, म्हणून पुढे मोठ्या आतड्यात जातो. तिथे जिवाणू त्याच्यावर जगतात आणि ब्युटिरेटसारखी आम्लं तयार करतात. आतड्याच्या अस्तरातल्या पेशींना या आम्लांपासून ऊर्जा मिळते. म्हणजे आपण त्यांना जेवण देतो आणि ते आपली काळजी घेतात.

देश बदलला की ही वस्तीही बदलते. मिनेसोटा विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी २०१८ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात ५०० हून जास्त स्त्रियांनी भाग घेतला. थायलंडहून अमेरिकेत आलेल्या स्त्रियांच्या पोटातले जिवाणू नऊ महिन्यांच्या आतच बदलायला लागले होते. जिवाणूंचे प्रकार कमी झाले. चोथा पचवणारे काही जिवाणूही घटले. अमेरिकेत जन्मलेल्या पुढच्या पिढीत तर प्रकार आणखी कमी होते. आहार हे त्याचं एक कारण आहे, पण एकमेव नाही.

"मग मी नुसतं दही खाल्लं तर?" ईशानने विचारलं.

"दही चांगलंच. पण दह्यातले जिवाणू बहुतेक पाहुणे असतात. येतात आणि काही दिवसांत जातात. घरच्यांना मात्र रोज जेवायला लागतं."

ईशानने थोडा विचार केला. "बरं, अर्धी भाकरी दे, आजी. आणि मटकीची उसळ पण."

"अर्धीच? एवढ्या लोकांना पुरेल का रे?" आजी म्हणाली.

"आज अर्धीच असू दे," ताई म्हणाली. "चोथा एकदम वाढवला तर पोटात गॅस होतो. हळूहळू वाढव आणि पाणी पी."

शब्दार्थ
वस्ती – एकत्र राहणाऱ्यांची जागा
चोथा – अन्नातला न पचणारा भाग
कडधान्यं – मूग, मटकी, हरभरा वगैरे
अस्तर – आतला थर

प्रश्न
१. पांढऱ्या ब्रेडचा जिवाणूंना फारसा उपयोग का होत नाही?
२. ताई दह्यातल्या जिवाणूंना पाहुणे का म्हणते?
३. काल तुम्ही काय काय खाल्लं? त्यात चोथा कशात होता? घरच्यांना विचारून पाच वाक्यं लिहा.