९१ की १००: तुमच्या इंजिनाला कोणतं पेट्रोल हवं?

प्रश्न : माझ्याकडे ३५० सीसीची नवी बुलेट आहे. पुस्तिकेत ‘कॉम्प्रेशन रेशो ९.५ : १’ असं लिहिलंय. पंपावरचा मुलगा म्हणतो, १०० ऑक्टेनचं पेट्रोल टाका, पिकअप वाढेल. गॅरेजवाले म्हणतात, हेड घासून कॉम्प्रेशन वाढवून देतो, मग ते पेट्रोल चांगलं लागू पडेल. यात खरं किती? आणि डिझेलचं कॉम्प्रेशन सतरा-अठरा चालतं, मग पेट्रोलचंच का अडतं?
– एक वाचक, कराड

उत्तर : आधी तुमच्याच गाडीचा हिशोब मांडू. पिस्टन खाली असताना सिलिंडरमध्ये सुमारे ३९० घन सेंटिमीटर जागा असते. तो वर पोचला की फक्त ४१ उरते. मधली ३४९ म्हणजे तुमचे ‘सीसी’. ३९० ला ४१ ने भागा, साडेनऊ येतात. हवा आणि पेट्रोलची वाफ ठिणगी पडण्याआधी किती पट आवळली जाते, एवढंच हा आकडा सांगतो.

आवळायचं कशासाठी? जळलेल्या वायूला नंतर तेवढंच जास्त पसरायला मिळावं म्हणून. जितका पसरेल तितकी त्याची उष्णता पिस्टन ढकलण्याच्या कामी येते आणि सायलेन्सरमधून वाया जाणारी कमी होते. जुन्या ओतीव लोखंडी इंजिनाच्या बुलेटचं गुणोत्तर साडेपाचच्या आसपास होतं. कागदावरच्या आदर्श इंजिनात साडेपाचला ४९ टक्के उष्णतेचं काम होतं, साडेनऊला ५९ टक्के. प्रत्यक्षात घर्षण आणि गळती धरून याच्या निम्म्याच्या आसपासच हाती लागतं, पण दोन्हींतला फरक खरा आहे. पुढे मात्र हात आखडत जातो. साडेनऊवरून साडेबारावर गेलात तर तोच कागदी आकडा ५९ वरून जेमतेम ६४ च्या जवळ पोचतो. गॅरेजमध्ये ‘कॉम्प्रेशन वाढवलं की गाडी उडते’ असं सांगतात, तेव्हा ही उतरती कमाई कोणी सांगत नाही.

आता अडचणीकडे येऊ. हवा दाबली की तापते. सायकलला हवा भरताना पंपाचं खालचं टोक हाताला गरम लागतं, त्याचं हेच कारण. २७ अंशांची हवा उष्णता बाहेर न जाऊ देता साडेनऊ पट आवळली, तर हिशोबाने ती ४६५ अंशांपर्यंत जाते. साडेबारा पटीला ५५० च्या घरात. त्यात ठिणगी पडते. ज्योत प्लगपासून कडेकडे सरकू लागते आणि तिच्यापुढचं न जळलेलं मिश्रण आणखी दाबलं जातं, आणखी तापतं. ज्योत पोचण्याआधीच ते कोपऱ्यातलं मिश्रण आपणहून पेटलं की दाबाच्या लाटा सिलिंडरच्या भिंतीवर आदळतात. बाहेर ऐकू येते ती धातूवर टिचकी मारल्यासारखी टकटक. यालाच नॉकिंग म्हणतात. पिस्टनच्या माथ्यावर वायूचा एक पातळ, तुलनेने थंड थर असतो, तो या लाटांनी विस्कटतो आणि ॲल्युमिनियमला थेट आच लागते. असं बराच काळ चाललं की पिस्टनला खड्डे पडतात, कधी आरपार भोकही.

तुमच्याकडे हे ऐकायचं ठिकाण कुंभार्ली घाट. उन्हाळ्यात, मागे माणूस बसवून, चौथ्या गिअरमध्ये कमी वेगावर पूर्ण ॲक्सिलेटर पिळला की इंजिन टकटकण्याची शक्यता सगळ्यात जास्त. कमी फेऱ्यांमध्ये त्या कोपऱ्यातल्या मिश्रणाला पेटायला निवांत वेळ मिळतो. गिअर उतरवला की बहुतेक वेळा आवाज बंद होतो.

ऑक्टेन आकडा म्हणजे पेट्रोलची ही आपोआप पेटण्याला तग धरण्याची ताकद. आयसोऑक्टेन या द्रवाला १०० आणि सहज नॉक होणाऱ्या हेप्टेनला शून्य धरून ही पट्टी १९२० च्या दशकात ठरली. १०० ऑक्टेनच्या लिटरमध्ये ९१ पेक्षा जास्त ऊर्जा असते, असं अजिबात नाही. हा सगळ्यात घट्ट बसलेला गैरसमज आहे आणि त्यापायी लोक दर टाकीला पैसे घालवतात, म्हणून मुद्दाम सांगतो. जे इंजिन ९१ वर नॉक होत नाही, त्याला १०० ने थांबवायला काही उरतच नाही.

याच आकड्यासाठी जगाने फार मोठी किंमत मोजली आहे. डिसेंबर १९२१ मध्ये अमेरिकेत थॉमस मिजली यांना जनरल मोटर्सच्या संशोधनात आढळलं, की शिशाचं एक संयुग पेट्रोलमध्ये किंचित मिसळलं तरी नॉकिंग थांबतं. त्यामुळे कॉम्प्रेशन वाढवता आलं, इंजिनं बळकट झाली आणि ते शिसं पुढची कित्येक दशकं रस्त्यावरच्या माणसांच्या, विशेषतः मुलांच्या, रक्तात जात राहिलं. आपल्याकडे देशभर शिसेमुक्त पेट्रोल यायला २००० साल उजाडलं.

आज ऑक्टेन वाढवण्याचं मोठं काम इथेनॉल करतं. त्याचा स्वतःचा आकडा १०८ च्या आसपास आहे. म्हणूनच ९१ च्या जागी २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलचा ऑक्टेन ९५ च्या घरात जातो. तुमच्या भागातल्या उसातून निघालेला हा माल नॉकिंग रोखायला उत्तम आहे. पण लिटरला त्यात पेट्रोलच्या सुमारे दोनतृतीयांशच ऊर्जा असते, म्हणून मिश्रणाच्या लिटरमध्ये सहा-सात टक्के ऊर्जा कमी भरते आणि ॲव्हरेजला त्याचा फटका बसतो. ही तूट भरून काढायची तर वाढलेल्या ऑक्टेनचा फायदा घेणारी, जास्त कॉम्प्रेशनची इंजिनं बनवायला हवीत. माझ्या मते आपल्या कंपन्यांनी आता याच दिशेने जायला हवं. साडेनऊच्या इंजिनात तो जादा ऑक्टेन नुसता पडून राहतो.

डिझेलचं कोडं सोपं आहे. तिथे आवळली जाते ती निव्वळ हवा. इंधन आतच नसल्याने अवेळी पेटायला काही नसतं. हवा सतरा पट दाबून सहाशे अंशांच्या पुढे तापवायची आणि नेमक्या क्षणी इंजेक्टरने डिझेल फवारायचं. ते ठिणगीशिवाय पेटतं. तिथे पटकन पेटणं हाच गुण, पेट्रोलमध्ये तोच दोष.

महाग पेट्रोल कुठेच उपयोगी नाही, असं म्हणू नका. चाकणला बनणाऱ्या केटीएम ३९० सारख्या गाड्यांचं गुणोत्तर साडेबाराच्या पुढे असतं. टर्बो असलेल्या मोटारींमध्ये हवा आधीच दाबून आत येते. अशा मोटारींत बहुधा नॉक सेन्सर असतो. टकटक जाणवली की तो ठिणगी थोडी उशिरा पाडायला लावतो, इंजिन वाचतं पण ताकद घटते. तिथे चांगल्या ऑक्टेनने ती ताकद परत मिळते. पुस्तिकेत ९५ लिहिलं असेल तर ९५ च टाकावं.

राहिलं हेड घासणं. तुमच्या सिलिंडरचा व्यास ७२ मिलिमीटर आहे. हेड फक्त एक मिलिमीटर खाली आलं तरी ४१ पैकी चार घन सेंटिमीटर जागा जाते आणि गुणोत्तर साडेनऊवरून १०.४ वर पोचतं. त्यासोबत व्हॉल्व्ह आणि पिस्टनमधलं अंतर कमी होतं, टायमिंग चेनचा ताण बदलतो, वॉरंटी जाते. आणि तुमचं इंजिन हवेवर थंड होणारं, त्याला जादा उष्णता पेलणं जडच. मिळकत दोन टक्क्यांच्या आतली.

तेव्हा पंपावरचं साधं पेट्रोल भरा. सपाट रस्त्यावरही टकटक येत असेल तर आत साचलेला कार्बन आणि प्लग तपासून घ्या. हेडला मात्र कोणाला हात लावू देऊ नका.