त्याची नावे आणि आपली भाषा

काही महिन्यांपूर्वी आमच्या मोहल्ल्यातील एका आजारी, वयोवृद्ध खालांच्या भेटीस गेलो होतो. फजरच्या नमाजेनंतर हात उचलून मराठीतच लेकरांसाठी मागण्याची त्यांची आयुष्यभराची सवय. दुआ अरबीतच हवी, असे घरात कुणीतरी सांगितले आणि त्यांनी दुआ मागणेच सोडले. "मौलाना, अरबी दुआ आता पाठ होत नाहीत. अल्लाह माझं ऐकत नसेल का?" त्यांचा हा प्रश्न अनेक घरांतला आहे, म्हणून त्याचे उत्तर येथे देत आहे.

प्रथम अल्लाहच्या नावांविषयी. सूरह बनी इस्राईलच्या ११० व्या आयतीचा आशय असा की, अल्लाह म्हणून पुकारा अथवा रहमान म्हणून पुकारा, सर्व उत्तम नावे त्याचीच आहेत. 'रहमान' या नावाला मक्केतील विरोधकांचा आक्षेप होता. हिजरी ६ मध्ये हुदैबियाचा तह लिहिताना कुरैशचे प्रतिनिधी सुहैल बिन अम्र यांनी हे नाव नाकारले आणि अरबांच्या जुन्या रीतीप्रमाणे 'बिस्मिक अल्लाहुम्म' लिहिण्याचा आग्रह धरला. पैगंबर मुहम्मद (स.) यांनी तो मान्य केला, कारण तेही त्याच एका अल्लाहचे नाव होते.

फारसी आणि उर्दू भाषिक उलमा शतकानुशतके 'खुदा' हा शब्द वापरत आले. मराठी शेजाऱ्याशी बोलताना आपणही 'परमेश्वर' म्हणतो. मात्र एक भान हवे. त्या शब्दातून एकमेव, भागीदार नसलेला निर्माता हाच अर्थ पोहोचला पाहिजे. अरबीत 'अल्लाह' या नावाला अनेकवचन नाही आणि स्त्रीलिंगही नाही. म्हणून जिक्र आणि इबादतीत हे नाव आपल्या जागी अढळ राहते.

आता कुरआनच्या पठणाविषयी. 'रहमान' आणि 'रहीम' ही दोन्ही नावे एकाच धातूपासून आली आहेत. आईच्या गर्भाशयाला अरबीत म्हणतात तो 'रहिम' शब्दही त्याच धातूचा. मराठीत आपण 'परम कृपाळू, अत्यंत दयाळू' असे लिहितो. अर्थ पोहोचतो, पण शब्दांचे ते नाते मागे राहते. म्हणूनच अनुवाद हा कुरआन नव्हे, कुरआनच्या अर्थाचे स्पष्टीकरण आहे. नमाजेतील किरात अरबीतच करावी, यावर कोकणातील शाफई आणि इतरत्रचे हनफी असे आपण सारेच अमल करतो. अरबी पठणात प्रत्येक अक्षरामागे दहा नेकींची खुशखबर हदीसमध्ये आली आहे.

परंतु पठण पुरेसे मानून अर्थाकडे पाठ फिरवणे हाही अन्यायच. प्रत्येक रसूल आपल्या कौमच्या भाषेतच पाठवला गेला, जेणेकरून त्याने लोकांना स्पष्ट करून सांगावे, असे सूरह इब्राहीमच्या चौथ्या आयतीत आले आहे. अठराव्या शतकात दिल्लीच्या शाह वलीउल्लाह यांनी कुरआनचा फारसी अनुवाद केला. पुढे लोकांची भाषा बदलली, तेव्हा त्यांचेच पुत्र शाह अब्दुल कादिर यांनी उर्दू अनुवाद केला. ज्या घराची भाषा मराठी आहे, त्या घराचाही हाच हक्क आहे.

राहिली दुआ. नमाजेच्या आत अरबी दुआच पढाव्यात. नमाजेबाहेर मात्र बंदा आपल्या भाषेत मागू शकतो. भाषांची विविधता ही अल्लाहच्याच निशाण्यांपैकी एक आहे, असे सूरह रूममध्ये (आयत २२) सांगितले आहे. ज्याने भाषा निर्माण केल्या, त्याला खालांची मराठी परकी कशी असेल?

हे ऐकल्यावर खाला बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "इतके दिवस उगाच मुकी राहिले." आणि त्यांनी हात उचलले.

बंधू-भगिनींनो, आजपासून घरात रोज निदान तीन आयती अरबीत पढा आणि मुलांकडून त्यांचा मराठी अर्थ मोठ्याने वाचून घ्या. घरातील कोणत्याही वडीलधाऱ्याची दुआ भाषेपायी थांबू देऊ नका. अल्लाह तआला आपल्याला त्याच्या कलामचे पठण, आकलन आणि त्यावर अमल करण्याची तौफीक देवो. आमीन.